डिस्चार्ज कार्डवर 'सिंगल्टस' लिहिलंय, म्हणजे उचकीच ना? आणि स्पेलिंग नक्की कोणतं बरोबर?

तिखट_मिसळ (नाशिक)

नमस्कार मंडळी, घाईघाईत टाइप करतेय, समजून घ्या. माझ्या सासऱ्यांना (आम्ही अण्णा म्हणतो, वय ७१) मागच्या आठवड्यात उचकी लागली ती थांबेचना. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, पाणी पी, साखर खा, कोण आठवण काढतंय बघ, नाशिकपासून पार अमेरिकेतल्या भाच्यापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली. दुसऱ्या रात्री माणूस झोपेना, जेवेना, घास घेतला की उचकी, बोलायला लागलं की उचकी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी असंबद्ध बोलायला लागले तेव्हा मात्र आम्ही घाबरलो आणि गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. ॲडमिट केलं, आता घरी आहेत, व्यवस्थित आहेत, उचकी गेली.

प्रॉब्लेम पुढेच आहे. डिस्चार्ज कार्डवर डायग्नोसिसमध्ये पहिला शब्द सिंगल्टस, मग हायपोनॅट्रेमिया, मग के/सी/ओ एचटीएन (म्हणजे आधीपासून बीपी आहे). आता सिंगल्टसचं स्पेलिंग पहिल्या पानावर शेवटी टी-ए-एस आहे, मागच्या पानावर टी-यू-एस आहे आणि बिलावर तर सिंग्युलेटस असं काहीतरी भलतंच छापलंय. मेडिक्लेमवाल्यांची क्वेरी आली की सिंगल्टससाठी ॲडमिट करण्याची गरज काय होती ते स्पष्ट करा. फॅमिली ग्रुपवर पुतण्या म्हणतो की काकू उचकीचं खरं मेडिकल नाव सिंक्रोनस डायफ्रॅग्मॅटिक फ्लटर आहे, मी क्विझमध्ये वाचलंय, डॉक्टरांनी चुकीचं लिहिलंय. नणंदबाईंनी गुगल केलं आणि थेट ब्रेन ट्युमरवर पोचल्या, काल रात्रभर रडत होत्या.

तर १) सिंगल्टस म्हणजे साधी उचकीच का आणखी काही? २) स्पेलिंग कोणतं खरं? ३) क्लेमला उत्तर काय द्यायचं? कोणी मेडिकलमधलं असेल तर प्लीज सांगा.

चहाबाज_पुणेकर

कोणीतरी फार मनापासून आठवण काढत होतं अण्णांची. मेडिक्लेमवालेच असणार.

भुलीचा_डॉक्टर (सांगली)

ताई आधी नणंदबाईंना फोन करा आणि झोपायला सांगा. सिंगल्टस म्हणजे उचकीच. तो रोग नाही, उचकीचं लॅटिन नाव आहे फक्त. आम्हा लोकांना साधं लिहायची सवयच नसते, ताप आला की पायरेक्सिया, खाज सुटली की प्रुरायटस, घोळणा फुटला की एपिस्टॅक्सिस, त्याच माळेतला हा मणी. स्पेलिंग एस-आय-एन-जी-यू-एल-टी-यू-एस. शेवटी यू-एस. ए-एस चूक. सिंग्युलेटस नावाचा काही प्रकारच नाही, ते बिलिंग काउंटरवरच्या कॉम्प्युटरने स्वतःहून 'सुधारून' दिलेलं दिसतंय.

होतं काय की छाती आणि पोटाच्या मधे जो स्नायूंचा पडदा असतो, डायफ्राम, तो एकदम झटका देऊन खाली येतो आणि हवा आत खेचली जाते, आणि ती आत शिरतेय न शिरतेय तोच, म्हणजे साधारण ३५ मिलीसेकंदात, घशातली स्वरयंत्राची फट खाडकन बंद होते. तो जो हिक् आवाज येतो ना तो दार बंद झाल्याचा आवाज. पडद्याला हुकूम देणारी नस मानेतून निघते (फ्रेनिक, तिसऱ्या चौथ्या पाचव्या मणक्याच्या लेव्हलची) आणि खाली छातीतून जाते, शिवाय व्हेगस नावाची लांबलचक नस पोटापर्यंत असते. या वाटेवर कुठेही कोणी टोचलं तरी उचकी. म्हणून तर कारणांची यादी एवढी मोठी आहे, गच्च भरलेलं पोट, सोडा, दारू, तिखट जेवण हे नेहमीचे, पण किडनी फेल, पडद्याखाली पू, पोटाच्या ऑपरेशननंतर, डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड, मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक आणि क्वचित हार्ट ॲटॅकसुद्धा.

आमच्याकडे हिशोब वेळेवर असतो. ४८ तासांच्या आत थांबली तर कोणी नावसुद्धा लिहीत नाही. ४८ तासांच्या वर गेली की 'पर्सिस्टंट' आणि महिन्याच्या वर गेली की 'इन्ट्रॅक्टेबल'. तुमच्या नणंदेने बहुतेक तो दुसरा शब्द टाकून सर्च केलंय. अण्णांची पर्सिस्टंटमधे बसते, इन्ट्रॅक्टेबलमधे नाही.

आता मला खरं तर उचकीपेक्षा त्या दुसऱ्या शब्दात इंटरेस्ट आहे. हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. सोडियम किती होतं? आणि बीपीची गोळी कोणती चालू होती, नाव इथे टाकू नका, फक्त नावाच्या शेवटी एच किंवा सीएच असं काही अक्षर आहे का ते बघून सांगा.

तिखट_मिसळ (नाशिक)

डॉक्टर खूप खूप आभार, वाचून दाखवलं घरात, वातावरण निवळलं. रिपोर्ट काढला, सोडियम ११६ लिहिलंय आल्या दिवशी. आणि हो गोळीच्या नावापुढे एच आहे!! तुम्हाला कसं कळलं? ती गोळी हॉस्पिटलने बंद केली, दुसरी दिली.

आणखी एक सांगायचं राहिलं, अण्णांनी दोनेक महिने मीठ जवळजवळ सोडलंच होतं, त्यांच्या वॉकिंग ग्रुपमधे कोणीतरी सांगितलं की बीपीला मीठ म्हणजे विष. आमटी अळणी, भाजी अळणी, लोणचं पापड ताटात दिसलं तरी चिडायचे, सासूबाई त्यांचं वेगळं काढून मग आमच्यात मीठ घालायच्या. आणि वरून उन्हाळा म्हणून पाणी तांब्यावर तांब्या.

एक शंका, उचकीसाठी जी गोळी दिली होती ती आणायला गेलो तर मेडिकलवाला म्हणाला ही डोक्याच्या पेशंटची गोळी आहे, कोणासाठी हवीय. मिस्टर तिथेच भांडले त्याच्याशी.

भुलीचा_डॉक्टर (सांगली)

झालं, सगळं जुळलं. नॉर्मल सोडियम १३५ ते १४५. ११६ म्हणजे फार कमी, त्या लेव्हलला माणूस बरळतो, झटके येऊ शकतात, बेशुद्ध होतो. गोळीतला एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध, त्यातून सोडियम बाहेर जातं, म्हाताऱ्या माणसांत जास्तच. त्यात खाण्यात मीठ नाही आणि वर तांब्याने पाणी. रक्तातलं मीठ पातळ झालं. आणि सोडियम कमी झालं की उचकी लागते हे आम्ही वॉर्डात कायम बघतो, म्हातारा माणूस, बीपीची गोळी, थांबत नाही अशी उचकी म्हटलं की पहिलं इलेक्ट्रोलाइट (रक्तातल्या क्षारांची तपासणी) पाठवायचं. गोळी वाईट आहे असं मुळीच नाही, लाखो लोक खातात, फक्त अधूनमधून सोडियम बघायला लागतं. आणि मीठ कमी करणं वेगळं, सोडणं वेगळं, तेही कोणाला विचारून.

डोक्याची गोळी म्हणाला ती क्लोरप्रोमाझिन असणार. मेडिकलवाला चूक नाही, तिचं मूळ काम मानसिक आजारातलंच, पण हट्टी उचकीसाठी ती कित्येक दशकं वापरात आहे, अमेरिकेच्या एफडीएने तर उचकीसाठी म्हणून अधिकृत मान्यता दिलेलं औषध तेवढं एकच. बाकी बॅक्लोफेन, मेटोक्लोप्रमाइड वगैरे देतात, बॅक्लोफेनला किडनी बघून. यातलं काहीही स्वतःच्या मनाने आणून खायचं नाही, म्हाताऱ्यांना तर नाहीच, बीपी खाली येतं, गुंगी येते, पडतात.

आता क्लेमच्या दृष्टीने महत्त्वाचं. ११६ सोडियम घरी बसून वर आणता येत नाही. कारण ते घाईने वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून सलाइन मोजून मापून, दर काही तासांनी रक्त तपासून, २४ तासांत साधारण ८ ते १० च्या वर चढू द्यायचं नाही असं चालतं. ॲडमिट उचकीसाठी केलेलं नाही, ११६ साठी केलंय. कार्ड लिहिणाऱ्याने पेशंट ज्या तक्रारीने आला ती आधी लिहिली आणि खरा आजार दुसऱ्या नंबरवर ढकलला, सगळा घोळ तिथे आहे.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे गुचकी म्हणतात. गुचकीले इंग्रजीत एवढं मोठं नाव असते हे आज समजलं.

क्लेमवाली_काकू (ठाणे)

मी बरीच वर्षं टीपीएत (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) क्लेम प्रोसेसिंग केलंय, आता घरी असते म्हणून निवांत लिहिते. डॉक्टरांनी मर्मावर बोट ठेवलं. समोर बसलेल्या मुलाला दिवसाला ढीगभर फायली असतात, तो पहिला डायग्नोसिस वाचतो आणि कोड लावतो. आयसीडी १० मधे (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) उचकीचा कोड आर ०६.६. आणि आर अक्षराने सुरू होणारा सगळा चॅप्टर हा लक्षणांचा आहे, आजारांचा नाही, खोकला, ताप, डोकं दुखणं सगळं त्यात. पहिला डायग्नोसिस आर दिसला की प्रश्न येणारच की बाबा नुसत्या लक्षणासाठी भरती का केलं, ओपीडीत का नाही भागलं. हायपोनॅट्रेमियाचा कोड ई ८७.१, तो पहिला असता तर ही क्वेरी बहुधा आलीच नसती.

तर करायचं काय. स्वतः कार्डावर पेनाने काहीही खोडायचं लिहायचं नाही, अगदी ते टी-ए-एसचं टी-यू-एस सुद्धा नाही, खाडाखोड दिसली की फाइल आणखी अडकते. क्लेम फॉर्मचा पार्ट ए तुमचा असतो, पार्ट बी हॉस्पिटल भरतं, कोड पार्ट बीमधे असतात, ते आधी बघून घ्या काय टाकलेत. मग ट्रीटिंग डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात येऊ द्या की रुग्णाला ४८ तासांपेक्षा जास्त उचकी आणि असंबद्ध बोलणं या तक्रारी होत्या, तपासणीत सोडियम ११६, हे उचकीचं कारण, आणि एवढ्या कमी सोडियमला देखरेखीखाली सलाइन व वारंवार तपासण्या लागतात म्हणून भरती आवश्यक. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. सोबत सोडियमचे सगळे रिपोर्ट तारखेवार आणि वेळेसकट लावा, ११६ पासून वर कसं गेलं ते कागदावर दिसलं पाहिजे, तोच तुमचा मोठा पुरावा. त्याच पत्रात एक ओळ घालून घ्या की बिलावरचा शब्द सिंगल्टस असा वाचावा.

स्पेलिंगवरून क्लेम नाकारला असं माझ्या बघण्यात नाही हो, पण तीन कागदांवर तीन शब्द दिसले की समोरच्याला तीन आजार वाटतात.

आणि हो, पार्ट बीमधे एच-आय-सी-सी-ओ-यू-जी-एच असं दिसलं तर दचकू नका, तेही उचकीच. आयसीडीच्या पुस्तकात तसंच छापलंय. शेवटी कफ दिसतं म्हणून आमच्याकडे एक नवीन पोरगं खोकल्यात टाकायचं फाइल! उच्चार हिकपच करायचा, स्पेलिंग कुठलंही लिहा. खोकल्याशी काही नातं नाही, जुन्या काळी इंग्रजांना वाटलं असेल नातं म्हणून ते शेपूट चिकटलं.

टापटाप

पुतण्याचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. मी व्हेटर्नरी डॉक्टर, घोड्यांचं काम जास्त. सिंक्रोनस डायफ्रॅग्मॅटिक फ्लटर हे नाव खरं आहे, पण आम्ही ते रोज वापरतो घोड्यांसाठी. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उन्हात घोडा प्रचंड घाम गाळतो, कॅल्शियम आणि बाकीची क्षारं खाली जातात, आणि फ्रेनिक नस हृदयाला जवळजवळ चिकटून जाते त्यामुळे ती इतकी चिडकी होते की हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की त्या करंटने पडदाही उडतो. कुशीवर बघितलं तर ठक ठक ठक दिसतं, एका हाताने छातीचा ठोका बघायचा आणि दुसरा हात कुशीवर ठेवायचा, दोन्ही एकाच तालात. सिंक्रोनस का म्हणायचं ते हात ठेवला की कळतं. इंग्रजीत साध्या भाषेत थम्प्स म्हणतात.

माणसाच्या उचकीचा हृदयाच्या तालाशी असा मेळ नसतो, त्यामुळे तिथे हे नाव मला तरी ओढूनताणून वाटतं. क्विझवाल्यांना लांबलचक नाव आवडतं, दुसरं काय. पुतण्याला सांगा अण्णांना शर्यतीत पळवलं नव्हतं.

तिखट_मिसळ (नाशिक)

हाहाहा, ग्रुपवर जसंच्या तसं फॉरवर्ड केलं. अण्णा स्वतः वाचून हसले.

राइनकाठची_सई (जर्मनी)

मी इथे जर्मनीत हॉस्पिटलमधे नर्स आहे, आमच्याकडे हा शब्द एकदम रोजचा, डॉक्टर फाइलमधे सिंगल्टस लिहितात (बोलताना झिंगुल्टुस ऐकू येतं, मला पहिल्यांदा वाटलं कुठल्या जंगलातला ताप आहे). पेशंट आपले श्लुकआउफ म्हणतात.

मला त्या शब्दाचं एक आवडतं. लॅटिनमधे सिंगल्टस म्हणजे मुळात हुंदका. रडून रडून श्वास अडकतो आणि छाती उडते ना, ते. त्याच शब्दावरून फ्रेंचमधे सांग्लो म्हणजे हुंदकाच राहिला, उचकीला त्यांनी दुसरा शब्द घेतला, आणि पोर्तुगीजमधे मात्र सोलुसू म्हणजे हुंदकाही आणि उचकीही, दोन्हीला एकच. गोव्यातल्या पोर्तुगीज शिकलेल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारा, त्यांना माहीत असेल. लहान मूल रडून थकलं की शेवटी जे हुक् हुक् करत राहतं ते हुंदके का उचक्या हे आपल्याला तरी कुठे सांगता येतं.

बाय द वे ती आठवण काढण्याची भानगड फक्त आपल्याकडे नाही. इथल्या आज्यासुद्धा उचकी लागली की म्हणतात कोणीतरी तुझा विचार करतंय.

चहाबाज_पुणेकर

म्हणजे अमेरिकेतला भाचा, जर्मनीतल्या आज्या, सगळे मिळून अण्णांच्या मागे लागले होते तर.

वैद्यबुवा

आयुर्वेदातला शब्द आला नाही म्हणून भर. हिक्का. क ला क जोडून, दीर्घ आ. हिंदीतली हिचकी त्याच्या जवळची. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा १७ वा अध्याय हिक्का आणि श्वास (दमा) या दोघांना मिळून आहे. पाच प्रकार सांगितलेत, महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा, अन्नजा. सुश्रुतात व्यपेताच्या जागी यमला येते, जोडीजोडीने येणारी उचकी, बाकी नावं तीच. घाईत बकाबका खाल्लं, जास्त प्यायलं की लागते ती अन्नजा, आपण सगळे ज्यावर साखर खातो ती. क्षुद्रा म्हणजे किरकोळ, श्रमाने येणारी. गंभीरा खोलवरून, नाभीपासून उठते, आवाजही खोल. आणि महाहिक्केत मर्म, इंद्रियं, बोलणं सगळं कोंडल्यासारखं होतं. चरक स्पष्ट म्हणतात की प्राण घेणारे रोग पुष्कळ आहेत पण श्वास आणि हिक्का जितक्या झटकन घेतात तितके दुसरे नाहीत. म्हणजे बघा, हसण्यावारी न्यायची उचकी कोणती आणि उठून धावायची कोणती हे वेगळं काढायची गरज त्यांनाही वाटली होती. अण्णांचं बोलणं असंबद्ध झालं तेव्हा तुम्ही उठलात हे उत्तम केलंत.

मोरपिसाची मषी (जाळून केलेली राख) मधातून देतात, ते तुम्ही कुठेतरी वाचाल म्हणून सांगतो, आहे ते ग्रंथात आणि आम्ही देतोही, पण ११६ सोडियमला मोरपीस देत बसणारा वैद्य मी तरी नाही.

भुलीचा_डॉक्टर (सांगली)

वैद्यबुवा शेवटच्या वाक्याला माझ्याकडून चहा.

कोल्हापुरी_पायताण

साखरेचं काय मग, खोटं आहे का ते? आमची आजी चमचाभर साखर जिभेवर टाकायची आणि पाणी द्यायची नाही. नाहीतर एकदम ओरडायची की तू कपाटातले पैसे घेतलेस ना रे! पोरगं मी नाही मी नाही करत बसायचं आणि उचकी गायब. माझ्या चुलतभावाने एकदा हो म्हणून टाकलं होतं, उचकी थांबली पण मग मार सुरू झाला.

भुलीचा_डॉक्टर (सांगली)

साखर खोटी नाही. १९७१ साली एका नावाजलेल्या अमेरिकन मेडिकल जर्नलमधे छोटंसं पत्र आलं होतं, २० जणांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली, १९ जणांची उचकी थांबली. २० म्हणजे काही फार नाहीत, आणि उचकी तशीही आपली आपण थांबते, पण आजी बिनबुडाची नव्हती एवढं नक्की. या सगळ्या उपायांत, श्वास रोखणं, घोटघोट पाणी, खसखशीत साखर, अचानक दचकवणं, मुद्दा एकच, त्या नसांच्या सर्किटमधे मधेच दुसरा काहीतरी सिग्नल घुसवायचा. प्राचीन ग्रीसमधे प्लेटोच्या सिम्पोझियममधे एका नाटककाराला मेजवानीत उचकी लागते, शेजारी बसलेला वैद्य त्याला सांगतो श्वास धर, नाहीतर गुळण्या कर, नाहीतर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. त्याची शेवटी शिंकेने जाते.

डायबेटिसवाल्यांनी साखरेचा उपाय सोडा, श्वास धरा. आणि डोळ्यांवर दाबायचं म्हणून कोणी सांगितलं तर करू नका, मानेची नस चोळणं तर म्हाताऱ्यांनी बिलकुल नाही.

आणि सर्किट म्हटलं की सांगायलाच हवं, १९८८ मधे फेस्मायर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने न थांबणाऱ्या उचकीवर गुदद्वारात बोट घालून मसाजचा उपाय छापला होता, पेशंटची उचकी थांबली. पुढे २००६ साली त्याला आणि तसंच काम करणाऱ्या इस्रायली डॉक्टरांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. व्हेगस नस तिथूनही चाळवते म्हणे.

चहाबाज_पुणेकर

डॉक्टर, मी पोहे खात होतो.

कोल्हापुरी_पायताण

आजीची पद्धत बरी होती

लेकुरवाळी_२३

विषय निघालाच आहे तर विचारते, माझं बाळ दीड महिन्याचं आहे, दूध पिऊन झालं की हमखास उचकी. आई म्हणते चांगलं असतं, आतडी वाढतात, आणि ओला दोरा कपाळावर चिकटवते. पोटात असतानाही उचकी जाणवायची मला, टिक टिक एका लयीत. दाखवायला हवं का?

भुलीचा_डॉक्टर (सांगली)

एवढ्या लहान बाळाला उचकी सगळ्यात जास्त लागते, पोटातही लागते, ती टिक टिक तीच. दूध नीट ओढतंय, वजन वाढतंय, उलट्या नाहीत तर काही करायचं नाही. दोन्ही बाजूंच्या मधे थांबून ढेकर काढा. दोऱ्याने काही होत नाही, आईला ठेवू दे, फक्त दोरा तोंडात जाणार नाही एवढं बघा. पाणी मात्र पाजू नका, साखर-मध तर अजिबात नाही, मध वर्षाच्या आत बाळाला घातक ठरू शकतो.

मोठ्या माणसांसाठी एक सांगून ठेवतो, उचकीसोबत एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गिळताना अडकणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं, नाहीतर छातीत दुखणं यातलं काहीही असेल तर ४८ तास मोजत बसायचं नाही, त्याच क्षणी कॅज्युअल्टी.

सांख्यिकी_सदाशिव

अमेरिकेतल्या आयोवाचे चार्ल्स ऑस्बोर्न, १९२२ ते १९९०. डुकराचं वजन करताना उचकी लागली ती ६८ वर्षांनी थांबली, गिनीज बुकात नोंद आहे. त्यांनी लग्नं केली, मुलं झाली, सगळं उचकी देत देत. ४८ तासांवरून आठवलं.

तिखट_मिसळ (नाशिक)

मंडळी अपडेट. आज हॉस्पिटलला जाऊन आले. बिलिंगवाली मुलगी म्हणाली मॅडम स्पेलिंगने काय फरक पडतो, मी क्लेमवाल्या काकूंचा मेसेजच दाखवला, मग तिने आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) बोलावलं. पार्ट बी बघितला तर खरंच प्रायमरीमधे आर ०६.६ आणि ॲडिशनलमधे ई ८७.१. मोठे डॉक्टर राऊंडवरून आले तेव्हा त्यांना भेटले, ते भले माणूस, म्हणाले उलटं झालंय, करून देतो. पार्ट बी नवीन भरून देणार आहेत आणि पत्रही. पत्राचा मसुदा मी काकूंनी सांगितल्याप्रमाणे लिहून नेला होता, त्यांनी त्यात स्वतः एक ओळ घातली की सोडियम ११६ वरून सुरक्षित वेगाने वाढवण्यासाठी चार-चार तासांनी तपासणी केली. परवा मिळेल.

अण्णांचं सोडियम काल १३६ आलं. आमटीत मीठ आहे, सासूबाई खूश आहेत की एकच पातेलं लावायला लागतं. लोणचं मात्र अजून मिळत नाही, त्यावरून रोज भांडण.

काकू, जुना पार्ट बी आधीच अपलोड झालाय, आता नवीन दिला तर दोन वेगवेगळे कोड दिसतील ना? त्याचं काय करायचं?

क्लेमवाली_काकू (ठाणे)

काही होत नाही. डॉक्टरांच्या पत्रातच लिहून घ्या की या तारखेचा पार्ट बी रद्द समजून सोबतचा ग्राह्य धरावा. क्वेरीचं उत्तर म्हणूनच अपलोड करा, नवीन क्लेम म्हणून नाही, नाहीतर डुप्लिकेट म्हणून बंद करतील. क्वेरीच्या मेलमधे मुदत दिलेली असते ती बघा, पत्र परवा येणार असेल आणि मुदत उद्या संपत असेल तर आजच रिप्लाय टाकून ठेवा की कागद येत आहेत. ओरिजिनल सगळे कुरियरने पाठवणार असाल तर आधी स्कॅन काढा, बिलासकट, आणि पोचपावती जपून ठेवा.

लोणच्याचं डॉक्टरांना विचारा, त्यात मी पडत नाही.